थायरॉईडची गोळी चालू आहे, आणखी काय खायचं सोडू?

अंबाजोगाईजवळच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८. थायरॉईड कमी असल्याचं तीन वर्षांपूर्वी कळलं. गोळी ५० पासून सुरू झाली, मग ७५, आता १००. कोबी, फ्लॉवर, मुळा, सोयाबीन, शेंगदाणे, बाजरी असं सगळं बंद केलंय. घरात सैंधव मीठ आणलंय. गोळी रोज पहाटे साडेपाचला घेते, मग चहा. नाश्ता झाला की कॅल्शियमची आणि रक्तवाढीची गोळी. एवढं करूनही परवाचा टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा; थायरॉईड कमी पडला की हा चढतो) ९.८ आला. डॉक्टर १२५ करू म्हणतात. आणखी काय खायचं सोडू?

ताई, काहीही सोडू नका. जे सोडलंय त्यातलं जवळपास सगळं परत ताटात येऊ द्या. फक्त तुमच्या पत्रातला एक शब्द मला नीट उलगडून हवाय. ‘गोळी घेते, मग चहा.’ या ‘मग’मध्ये किती मिनिटं आहेत?

सत्तावीस वर्षं लातूर भागात फिजिशियन म्हणून बसतोय. ओपीडीत हा प्रश्न सरळ विचारला तर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: ‘अर्धा तास ठेवते की.’ म्हणून मी हल्ली वेगळं विचारतो, ‘गोळी तोंडात टाकता तेव्हा गॅसवर काय असतं?’ मग बाई नवऱ्याकडे बघते, हसते आणि म्हणते, ‘च्याच असतंय.’

आधी गोळी समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. त्यात लिव्होथायरॉक्सिन असतं. आपल्या गळ्यातली ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तेच हे, फक्त कारखान्यात तयार झालेलं. १९१४ साली ऐन नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं. बाटलीवर ५०, ७५, १०० असे जे आकडे असतात ते मिलिग्रॅम नव्हेत, मायक्रोग्रॅम आहेत. तापाची ५०० मिलिग्रॅमची गोळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात जेवढं औषध असतं त्याचा दहा हजारावा भाग तुमच्या ५० च्या गोळीत असतो. बाकीची गोळी म्हणजे नुसतं भरण.

इतकं थोडं औषध, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. पोट रिकामं असेल तर साधारण ६० ते ८० टक्के रक्तात जातं. जठरातल्या आम्लात गोळी विरघळते आणि पुढे लहान आतड्यातून औषध शोषलं जातं. त्या वेळी आतड्यात कॅल्शियम किंवा लोह असलं की थायरॉक्सिन त्याला चिकटतं आणि दोघं मिळून शौचावाटे बाहेर पडतात. गोळी घेतल्याचं समाधान तुम्हाला, आणि औषध संडासात.

ही चूक लवकर लक्षात येत नाही, त्यालाही कारण आहे. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला जवळजवळ आठवडा लागतो. बीपीची गोळी चुकली तर काहींना संध्याकाळी डोकं जड झाल्यासारखं वाटतं. थायरॉईडची गोळी चार दिवस वाया गेली तरी काही जाणवत नाही. ती महिनोन्‌महिने अर्धी-अर्धी वाया जाते, पाय सुजतात, केस गळतात, अंग जड होतं, टीएसएच चढतो आणि डोस वाढतो. तुमचा ५० वरून १०० पर्यंतचा प्रवास मला याच वाटेने झालेला दिसतोय.

आता चहा. दार्जिलिंगचा कोरा चहा आपल्याकडे कोण पितो? आपल्याकडे दुधात पत्ती खळाखळा उकळतात, साखर सढळ, पाहुणा आला तर पाणी घालणं अपमान. कॉफीने गोळीचं शोषण कमी होतं हे इटलीतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलंय, दुधाचंही मोजलं गेलंय. आपल्या चहात दूध कपभर असतं, म्हणजे कॅल्शियम आलंच. गोळी चहासोबत घेतली किंवा गोळीनंतर पाच मिनिटांत चहा घेतला, तर त्यात फार फरक नाही; दोघं पोटात एकाच वेळी असतात.

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्यासारखीच आहे. ७५ ची गोळी, टीएसएच ११.४. ‘सायेब, गोळी रोज घ्यायलेय की मी, एक दिस बी चुकवली न्हाई.’ खोटं बोलत नव्हत्या. सुनेनेही सांगितलं, रोज घेतात. पहाटे पाचला उठायचं, चूल पेटवायची, चहा, मग भाकरी, साडेसहाला शेतात. तास-दीड तास चहा लांबवा म्हटलं तर म्हणाल्या, ‘च्या घेतल्याबिगर डोळंच उघडत न्हाईत, भाकरी कशा थापू?’ बरोबर होतं त्यांचं. सल्ला देणाऱ्याने सकाळी चूल पेटवलेली नसते.

मग विचारलं, रात्री लघवीला उठता का? म्हणाल्या, दोन-तीनला एकदा उठतेच. बस्स. गोळीची बाटली उशाशी, तांब्याभर पाणी शेजारी. रात्री उठल्यावर एक गोळी आणि अर्धा पेला पाणी, पुन्हा झोप. जेवून पाच-सहा तास झालेले, पोट रिकामं, पहाटेच्या चहापर्यंत दोन-अडीच तास मोकळे. डोस एक मायक्रोग्रॅमही वाढवला नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.२.

ज्यांना रात्री जाग येत नाही त्यांनी झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवण आणि गोळी यांत किमान तीन तास हवेत. आपल्याकडे शहरातही साडेनऊला जेवण आणि दहाला अंथरूण असतं, म्हणून हा सल्ला कागदावर जितका छान दिसतो तितका घरात टिकत नाही. पहाटेच घ्यायची तर घोटभर नव्हे, अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर घ्या, आणि चहा-नाश्त्याला तासभर तरी थांबा. अर्धा तास म्हणजे अगदी किमान. आणि काही केल्या तासभर जमतच नसेल, तर जे कराल ते रोज एकसारखं करा. आज चहाबरोबर, उद्या उपाशी, परवा दुपारी, असं केलं तर कोणताच डोस बसत नाही. रोज एकसारखी थोडी वाया जात असेल तर डॉक्टर तेवढी वाढवून देऊ शकतात. लहरीवर उपाय नसतो.

तुमच्या पत्रातली दुसरी अडचण चहाहूनही मोठी असू शकते. नाश्त्यानंतरची कॅल्शियम आणि लोहाची गोळी. साडेपाचला थायरॉईड आणि नाश्ता उरकून आठला कॅल्शियम धरलं, तरी अडीच तासच. या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिनचं शोषण घटवण्यात कॅल्शियम आणि लोह यांच्याबद्दल शंका उरलेली नाही. बाकी पदार्थांवर वाद आहेत, यांच्यावर नाहीत. तुमचं कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोहाची गोळी संध्याकाळी पाचला लिंबूपाण्याबरोबर जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोहही नीट शोषलं जात नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

घरात कुणी गरोदर असेल तर हे अजून जपायचं. आशाताई लाल गोळ्या देतात, कॅल्शियमच्या ५०० च्या दिवसाला दोन देतात, आणि पोरगी सगळ्या एका मुठीत घेऊन गिळून टाकते. पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या लेकराची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. ते आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला गरोदरपणात बहुधा २५ ते ३० टक्के जास्त डोस लागतो. पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या सोनोग्राफीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. अनेक डॉक्टर तोवर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात, म्हणजे सातऐवजी नऊ. पण ते त्यांनी सांगायचं, शेजारणीने नव्हे.

ॲसिडिटीच्या औषधांचं अवघड आहे. आपल्याकडे घरोघरी पॅन्टोप्रॅझोल, तेही थायरॉईडच्या गोळीसोबतच, कारण दोन्ही ‘उपाशीपोटी’च्या. या औषधाने जठरातलं आम्लच दिवसभर कमी होतं, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवून उपयोग होत नाही. खरंच लागत असेल तर घ्या, डॉक्टर थायरॉईडचा डोस त्याप्रमाणे बसवतील. पण वर्षानुवर्षं सवयीने चालू असेल तर एकदा विचारा, अजून लागतंय का. पातळ ॲन्टासिड, म्हणजे गुलाबी-पांढरी बाटली, ती चार तास लांब ठेवली की झालं. आणि हे सगळं नीट करूनही टीएसएच खाली येत नसेल तर आतड्याचा आजार शोधावा लागतो. गव्हातल्या ग्लुटेनची ॲलर्जी म्हणतात तो सिलिआक आजार थायरॉईडच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो. तुमच्या बाबतीत एवढ्यात तिकडे जायची गरज नाही.

गोळी कुठे ठेवता, हेही सांगा. पुष्कळ घरांत ती ओट्यावरच्या फळीवर असते, शेगडीच्या वाफेत. उष्णता, उजेड, ओल हे तिन्ही थायरॉक्सिनला सोसत नाहीत. बाटलीवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात परभणीला पारा ४२ च्या वर असतो. एका बाईंनी गार राहावी म्हणून बाटली माठाच्या बुडाशी ठेवली होती. मी झाकण उघडलं तर आतला कापूस दमट होता, गोळ्या कडेने भुसभुशीत, बोटाला पीठ लागत होतं. त्यांनी मुद्दाम काळजी घेतली होती, हे विशेष. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका. पत्र्याच्या घरात असाल तर आतल्या खोलीतलं कपड्यांचं कपाट सगळ्यात बरं. ऊसतोडीला जाणारी मंडळी दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी घर सोडतात. बीडकडच्या अशा बायकांना मी निघण्याआधी टीएसएच करून घ्या आणि पूर्ण मुदतीच्या गोळ्या सोबत न्या असं सांगतो. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बाटली कुठे ठेवायची? धान्याच्या पिशवीत खोल. तिथे सावली असते, कोरडं असतं आणि लेकरांचा हात पोचत नाही.

आता तुमची पथ्याची यादी. ही यादी कुठून येते ते मला माहीत आहे. मोबाईलवर फिरते आणि दर फिरण्यात एक पदार्थ वाढतो.

कोबीचं प्रकरण जुनं आणि खरं आहे, फक्त ते सशांचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसऱ्याच एका रोगाच्या प्रयोगासाठी ससे पाळले होते. त्यांना रोज बहुतेक कोबीच खायला असायची. सशांचे गळे सुजले, आणि १९२८ साली ॲलन चेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते छापलं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांत काही द्रव्यं असतात. भाजी कच्ची चिरली-चावली की त्यांतून असे पदार्थ सुटतात जे ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत किंवा संप्रेरक बनवू देत नाहीत. पण त्यासाठी भाजीतलं जे एन्झाइम लागतं ते शिजवताना निकामी होतं. आपण कोबीची भाजी परतून, वाफवून खातो, आठवड्यातून एकदा-दोनदा. सशाचं जेवण आणि आपलं जेवण यांत फरक आहे.

आणि तुमच्या बाबतीत यापेक्षाही साधी गोष्ट आहे. ही द्रव्यं ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. तुमची ग्रंथी आधीच थकलीय, म्हणून तर तयार थायरॉक्सिन गोळीतून घेताय. कारखाना बंद पडला असेल तर त्याच्या दारात कच्चा माल अडवला काय आणि नाही अडवला काय! कोबी खा.

बाजरीबद्दल मात्र आदराने बोलावं लागेल. सुदानच्या पश्चिमेला दारफूर भागात गलगंड फार होता आणि लोक जवळजवळ फक्त बाजरीवर जगत होते. बाजरीच्या कोंड्यातली काही फ्लॅवोनॉइड द्रव्यं थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात असं १९८० च्या दशकातल्या संशोधनात दिसलं. पण तिथे आयोडीनचीही टंचाई होती, आणि ताटात दुसरं धान्य नव्हतं. आपल्याकडे ज्वारी रोजची, गहू, तांदूळ, तूर जोडीला आणि बाजरी थंडीपुरती. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाने संक्रांतीच्या आसपास बाजरीची भाकरी खाल्ली म्हणून गळा सुजत नाही.

दोन वर्षांपूर्वी येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, एका ओळखीच्यांच्या शेतावर जेवायला होतो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा झालेली, पत्रावळीवर भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, शेंगदाण्याची पोळी. घरची सून, जिने पहाटे तीनपासून हे सगळं रांधलं होतं, ती बाजूला बसून नुसती गव्हाची खीर खात होती. का गं? ‘थायरॉईड हाय ना मला. बाजरी, शेंगदाणा, कोबी काहीच चालत न्हाई.’ आणि जेवण झाल्यावर, मी बघतोय तोवर, पर्समधून गोळी काढून तिने ताकाबरोबर घेतली. सकाळी गडबडीत राहिली होती म्हणे. उंडे तिने उगाच सोडले होते, आणि ज्या ताकाबरोबर गोळी घ्यायची नाही त्याच्याचबरोबर घेतली. शेजारी बसून मी तिला उंडा खायला लावला. तिच्या सासूच्या चेहऱ्यावरून वाटलं, डॉक्टर आता आपल्यातून उठणार.

ज्वारी तर सोडायचं कुणी मनातही आणू नका. तिच्याबद्दल शंका काढणारे मला भेटतात, कारण कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं हे खरं आहे. कापणीनंतर धसकटाला फुटलेले कोवळे फुटवे जनावराने खाल्ले तर विषबाधा होते, हे शेतकऱ्याला आपल्याहून आधी माहीत आहे. पण ते कोवळ्या पाल्यात. पक्क्या दाण्याच्या भाकरीचा त्याच्याशी संबंध नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. लातूरच्या बाजारपेठेत सोयाबीनच्या पोत्यांच्या राशी लागतात, पण आपण ते पिकवतो आणि विकतो, खात फारसं नाही. खाल्लं तर दोन मार्गांनी: दळणात किलोमागे मूठभर, किंवा सोयावडी. सोया गोळीचं शोषण कमी करतं, म्हणून ते वेळेचं पथ्य आहे, बंदीचं नाही. सोयावडी गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारी किंवा रात्री खा. दळणात टाकत असाल तर दर दळणाला तेवढंच टाका, कमी-जास्त करू नका. सोयाबीनचं रिफाइंड तेल याच्यात येतच नाही. ते तेल आहे, त्यात सोयाची ही द्रव्यं उरलेली नसतात. शेंगदाणे खा. येसर खा. धपाटे खा. सुशीला खा.

पथ्य करणाऱ्या बायकांकडे पाहून मला एक गोष्ट खटकते. भाज्या, डाळी, शेंगदाणे सोडून राहतं काय? चहा-बिस्किट आणि भात. मग वजन वाढतं, रक्त कमी होतं, त्यासाठी लोहाची गोळी येते आणि ती लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीला गिळते.

मिठाचं मात्र ऐका. सैंधव मीठ बदला. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आपण समुद्रापासून दूर आहोत, मासे रोजचे नाहीत, त्यामुळे आपलं बरंचसं आयोडीन मिठातून येतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. पुड्यातल्या आयोडीनयुक्त मिठात घरात पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम असायला हवं, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. म्हणून मीठ जास्त खाण्याची गरज नाही, नेहमीचंच पण योग्य मीठ पुरे. हे सहजासहजी मिळालेलं नाही. आजच्या हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड उतरतो हे दाखवलं, मग १९६२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. माणसांना खायला आयोडीनशिवाय मीठ विकण्यावर देशभर बंदी आली ती २००६ ला. आणि आपण आता दुप्पट पैसे मोजून गुलाबी खडे आणतो! उपवासाला सैंधव चालू द्या, रोजच्या आमटीत नको. पुडा फोडल्यावर मीठ झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्या वाडग्यात, शेगडीजवळ आयोडीन उडून जातं.

मीठ बदललं म्हणून तुमचा टीएसएच खाली येईल असं मात्र समजू नका. तुमच्या वयात हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यातून होतो; १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतोंनी तो पहिल्यांदा लिहून ठेवला. तो कोबीने झालेला नाही आणि कोबी सोडल्याने जाणार नाही. आयोडीनचा भडिमार केला तर उलट बिघडू शकतो. समुद्री शेवाळाच्या गोळ्या ‘थायरॉईड सपोर्ट’ म्हणून विकल्या जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तेच अश्वगंधेचं. अश्वगंधेने काहींचं थायरॉईड संप्रेरक वाढल्याचं नोंदलं गेलंय. गोळीसोबत घेतली तर कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही. कांचनार गुग्गुळ घेत असाल तर मला राग येत नाही, पण डॉक्टरांना सांगा आणि त्याच्या भरवशावर गोळी थांबवू नका.

केसांसाठी बायोटिन घेता का? थायरॉईड कमी झाला की केस गळतात, मग बायोटिन सुरू होतं. बायोटिन गोळीच्या शोषणात अडथळा आणत नाही, पण प्रयोगशाळेच्या काही यंत्रांना फसवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४ (म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन) खोटा जास्त दिसू शकतो. डोस कमी होतो आणि बाई आणखी सुस्तावते. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायचं आणि लॅबमध्ये सांगायचं.

उपवासांबद्दल विचारलेलं नाहीत, तरी सांगतो, कारण नवरात्रानंतरच्या महिन्यात माझ्याकडे चढलेले टीएसएच येतात. नऊ दिवस गोळी बंद! पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही असं मी म्हणतो. पण माझ्यापेक्षा घरच्या आजीने म्हटलं तर जास्त चालतं, म्हणून मी आजीलाच बोलावून समजावतो. उलट उपवासाचा दिवस गोळीला चांगला, पोट रिकामंच असतं. फक्त सकाळी साबुदाण्यासोबत दूध नको. रमजानच्या महिन्यात माझे मुस्लिम पेशंट सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून घेतात. ज्यांना ते जमत नाही ते रात्री झोपताना, इफ्तारचं जेवण उतरल्यावर.

तुम्हाला थायरॉईड कमी आहे, म्हणून हे सगळं. थायरॉईड जास्त असणाऱ्याच्या कार्बिमॅझोलच्या गोळीला चहाची अशी भीती नाही. त्यांना वेगळं सांगायचं असतं: ही गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणं सोबत आलं तर मेडिकलमधून गोळी आणून बसू नका, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा.

आता तुमच्यापुरतं. १२५ सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: चहा किती मिनिटांनी घेता आणि कॅल्शियम-लोह कधी घेता. बहुतेक ते म्हणतील, १०० वरच राहू, वेळा सुधारू आणि पुन्हा तपासू. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण उलटं झालं तर धोका आहे. १२५ सुरू केली आणि त्याच आठवड्यात तुम्ही चहाही लांबवला, तर इतकी वर्षं वाया जाणारं औषध अचानक पूर्ण अंगी लागेल. मग छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणं, वजन झपाट्याने उतरणं. वयस्कर माणसात हृदयाची लय बिघडते, हाडं झिजतात. असं काही जाणवलं तर आठवड्यांची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

काही न जाणवल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी नाही. आधी केला तर जुन्या दिवसांचाच हिशेब दिसतो. तपासणीच्या दिवशी गोळी खिशात ठेवून लॅबला जा, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घ्या आणि तासाभराने चहा. मागच्या तिन्ही तपासण्यांचे कागद सोबत ठेवा, आणि पेनाने प्रत्येकावर लिहा त्या वेळी गोळी कोणत्या मात्रेची होती आणि ती कशाबरोबर घेत होतात.